एकेरी धागा

केस कापायचे ठरले तेव्हा हेमलताबाईंची एकच अट होती. न्हाव्याचा हात लागता कामा नये, पार्लरवालीचाही नाही.

"नवरा धडधाकट असताना बाईचे केस उतरवायचे, तर ते नवऱ्यानंच उतरवावेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे गल्लीतल्या बायकांना तोंड उघडायला जागा नको."

तेव्हा नंदकिशोर म्हेत्रे मागावरची कात्री घेऊन बायकोच्या पाठीमागे पाटावर बसले. समोर हातमाग उभा होता, रिकामा. येवल्याच्या त्या गल्लीत आता मोजकेच हातमाग उरले होते आणि त्यातल्या एकावर गेले दोन महिने कोळ्यांनी विणकाम मांडलं होतं. हेमलताबाईंची वेणी पाठीवरून कमरेखाली उतरून पाटाला टेकत होती. काळ्यात पांढरं असं मिसळलेलं, की कोणी मुद्दाम दोन रंगांचं रेशीम घेऊन वळलं असावं.

"हलू नकोस."

"मी कुठं हलतेय? तुमचाच हात हलतोय."

"तीस वर्षं जरीची तार ओढली ह्या हातानं. कधी हलला नाही."

"जरीची तार मान वळवून बघत नाही ना तुमच्याकडं."

कात्री चालली. टाळूजवळून केस तुटताना कोवळा ऊस मोडल्यासारखा आवाज झाला. नंदकिशोरांनी वेणी मांडीवर घेतली, दोन्ही टोकं पांढऱ्या दोऱ्यानं आवळली आणि मागावरच्या सवयीनं एका टोकाला तांबडं रेशीम गच्च बांधलं. हॉस्पिटलच्या नर्सनं खूण करायला सांगितली होती. मग ते उगाच वेणीवरून हात फिरवत बसले.

दाराशी चप्पल वाजली नाही, तरी हेमलताबाईंना कळलं. नवऱ्याचा हात मध्येच थबकला होता.

"आली का?" मागे न बघता त्यांनी विचारलं.

"आलेय," शर्वरी म्हणाली. तिची नजर आईवर नव्हती. त्या कात्रीवर होती.

सहा वर्षांपूर्वी, अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात, त्या कात्रीनं तिच्या लग्नाची पैठणी कापली गेली होती. लेकीसाठी आई स्वतः विणत होती ती. पदर विणून झाला होता, अंगाचं कापड निम्म्यावर आलं होतं. धोटा इकडून तिकडं जाताना आई गुणगुणायची:

धोटा धावे गं धावे, ऐल थडी पैल थडी
लेकीच्या पैठणीची मोरपंखी घालू घडी

आणि मग शर्वरीनं घरात सांगितलं की तिला तन्मयशी लग्न करायचंय. तन्मयच्या घरचे यंत्रमाग होते. हातमागाची नक्कल करून चार तासांत साडी काढणारे. हेमलताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावरून घाम ओघळला, हात थरथरले. त्यांनी कात्री उचलली आणि मागावर ताणलेला उभा धागा, अख्खा ताणा, एका दमात कापून टाकला. हजारो रेशमी तारा सुटून सापासारख्या आकसल्या. "तू माझ्या पोटी यायलाच नको होतीस," त्या म्हणाल्या होत्या. शर्वरीनं दुकानातली साडी नेसून लग्न केलं आणि नाशिकला शाळेत चित्रकला शिकवत राहिली. पुन्हा उंबरठा चढली नाही.

ती आज आली, कारण पप्पांचा फोन आला होता. छातीत गाठ आहे, शरू. पोटातही एक आहे. पसरलंय म्हणतात.

*

"काकू, तुम्हाला एक नाही, दोन कॅन्सर आहेत," डॉ. केतकी आगलावे म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर चक्क हसू होतं.

"आणि तुम्ही हसताय काय मॅडम?" नंदकिशोर उठूनच उभे राहिले.

"बसा काका. नीट ऐका, मग तुम्हीही हसाल."

नाशिकच्या त्या हॉस्पिटलात गेल्या वर्षापासून केमोआधी उतरवलेले केस फेकून देत नसत. ते केसवाचकात जात. फ्रीजएवढं यंत्र, आत सुईसारखा लेझर. केस हा तसा निर्जीव धागा, पण त्याचं मूळ रक्तात बुडालेलं असतं. रक्तात त्या दिवसांत जे वाहतं त्याचा अंश मुळाशी केसात कोंडला जातो आणि केसाबरोबर वर सरकत राहतो, महिन्याला साधारण सेंटिमीटरभर. कुठलं औषध ह्या शरीराला मानवतं, कुठलं विष होतं, हे ठरवायला डॉक्टर ते वाचत. हेमलताबाईंच्या केसात औषधांचं काही निघालं नाही. भलतंच निघालं.

"मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते," डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. "बाहेर साल, आत गर. माणूस घाबरला, चिडला, की मेंदूकडून हुकूम येतो. गरातून ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते. पाठोपाठ सालीतून कॉर्टिसॉल सुटतं. दोन्ही बरोबर. तुमच्या भाषेत सांगू? ताणा आणि बाणा, उभा धागा आणि आडवा."

हेमलताबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"काकूंच्या केसात जागोजागी नुसतं ॲड्रेनलिन आहे. एकेरी धागा. म्हणजे कोणाचा हुकूम नाही, काही कारण नाही, मनात आलं की सोडून द्यायचं. असं फक्त त्या गरात झालेली गाठच करते. लाखात एखाद्याला होते. घाम, डोकेदुखी, पांढरं पडणं, धडधड, आणि पंधरा मिनिटांत सगळं गायब. होतं का असं?"

"पाळी जायचं वय म्हणून सोडून दिलं," हेमलताबाई पुटपुटल्या.

"आणि आम्ही स्वभाव म्हणून," नंदकिशोर म्हणाले.

"स्कॅनमध्ये ती गाठ दिसली तेव्हा सगळ्यांना वाटलं, छातीचा कॅन्सर पोटात पसरला. मग काही करण्यासारखं उरत नाही. पण केस म्हणतो, ही पोटातली सात वर्षांची जुनी आहे. छातीतली कालची. ही तिचं पिल्लू नाही, वेगळीच आहे. म्हणजे छातीतलं पसरलेलं नाही. दोन्ही काढता येतील!"

नंदकिशोरांनी खुर्चीचा हात धरला. हसू काही आलं नाही, डोळे मात्र भरले.

"फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी पोटातली. तिला झोपू देऊन दुसरीला हात लावला असता, किंवा केमोबरोबरची काही औषधं दिली असती, तर ती चवताळली असती. टेबलावरच खेळ संपला असता. आता आधी तीन आठवडे गोळ्या, रक्तवाहिन्या सैल पडायला. भरपूर पाणी आणि मीठ जास्त खायचं."

"मीठ खा म्हणणारी डॉक्टर पहिलीच बघितली," नंदकिशोर म्हणाले.

"शर्वरीताई, तुमचं रक्तही तपासलंय. हा आजार काही घरांत वारशानं येतो. तुमच्यात नाही."

शर्वरीनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिच्या डोक्यात एकच शब्द घुमत होता. सात वर्षं. म्हणजे त्या आठवड्यात ती गाठ होती.

*

डॉक्टर बाहेर निघाल्या तशी शर्वरी त्यांच्या मागे गेली.

"केसात एखादा ठरावीक आठवडा वाचता येतो?"

"येतो. पण उपचाराला त्याची गरज नाही. आणि काकूंची परवानगी लागेल." डॉक्टरांनी हातातली फाईल मिटली. "असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. एका गृहस्थांना बायकोनं घटस्फोट मागितला त्या महिन्याचं बघायचं होतं. मी नाही म्हटलं."

"का?"

"निघालेलं उत्तर परत घेता येत नाही."

तरी शर्वरीनं आईला विचारलं. आई पलंगावर बसून, मीठ टाकलेलं ताक घोटघोट पीत होती. कापलेल्या केसांनी तिचं डोकं लहान मुलीसारखं दिसत होतं.

"आई, ते गाठीनं केलं असेल तर?"

"तर काय?"

"तर मी सगळं विसरेन. तू केलंच नाहीस म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

हेमलताबाईंनी ग्लास खाली ठेवला. लेकीकडं बघितलं. सहा वर्षांत तिच्या डोळ्यांखाली आलेली काळी कड त्यांना आता दिसली.

"वाच म्हणावं," त्या म्हणाल्या. "पण मला माहितीय काय निघायचं ते."

*

दोन दिवसांनी अहवाल आला. पडद्यावर दोन रेघा होत्या, निळी ॲड्रेनलिनची, केशरी कॉर्टिसॉलची. डॉक्टरांनी शर्वरीनं सांगितलेला आठवडा मोठा करून दाखवला. निळी रेघ डोंगरासारखी वर गेली होती. केशरीही. दोन्ही एकमेकींना बिलगून.

"दोन्ही आहेत," डॉक्टर हळू म्हणाल्या. "मनापासूनचं आहे. गाठीचं नाही."

हेमलताबाईंनी फक्त मान हलवली, जसं काही कोणी त्यांना बाहेर ऊन पडल्याचं सांगितलं. शर्वरीनं खुर्चीवरची पर्स उचलली.

"शरू, थांब," नंदकिशोर म्हणाले.

"ऑपरेशनला येईन पप्पा. आत्ता नको."

"थांब म्हणतोय ना! मॅडम, सहा वर्षं तुम्ही कुठल्या टोकापासून मोजली?"

"तांबडा दोरा बांधलाय तिकडून. डोक्याकडच्या टोकाला खूण करायची असते."

नंदकिशोरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मागावर आम्ही खूण आधी विणलेल्या टोकाला बांधतो! जिथून कापड सुरू झालं तिथं. हात आपोआप तिकडंच गेला. केसाचं आधी उगवलेलं टोक म्हणजे..." त्यांनी हवेत वेणीचा शेंडा धरून दाखवला. "खालचं."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. मग पडद्यावर बोट फिरवून त्यांनी सगळं उलटं केलं, दुसऱ्या टोकापासून मोजलं, तो आठवडा पुन्हा मोठा केला.

निळी रेघ डोंगरासारखी वर. केशरी खाली, सपाट, जणू घरात कोणीच नाही.

"एकेरी," डॉक्टर म्हणाल्या. "माफ करा, आम्ही शेंडा तपासून घ्यायला हवा होता. निदान तेच राहतं, एकेरी धागा दोन्ही टोकांशी आहे. पण तो आठवडा पूर्णपणे गाठीचा आहे."

शर्वरीनं पर्स परत खुर्चीवर ठेवली. नंदकिशोर तोंडावर रुमाल धरून, मुलं हसतात तसं खांदे हलवत होते, पण ते हसणं नव्हतं. हेमलताबाई मात्र पडद्याकडं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याची काहीच खूण नव्हती.

"मग मघाशी दिसलं ते कधीचं?" शर्वरीनं विचारलं. "दोन्ही रेघा होत्या ते?"

डॉक्टरांनी बघितलं. "साधारण आठ महिन्यांपूर्वीचं. ह्या सगळ्या वेणीतली सगळ्यात मोठी भीती आहे ती. त्यांची स्वतःची."

"आठ महिन्यांपूर्वी काय झालं होतं गं हेमा?" नंदकिशोर म्हणाले. "मला तर काही आठवत नाही."

हेमलताबाईंनी पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला.

"अंघोळ करताना हाताला लागली," त्या म्हणाल्या. "छातीतली. वाटाण्याएवढी."

"आणि आम्हाला दोन महिन्यांपूर्वी सांगितलंस?"

"काय सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही शरूला फोन केला असता. ती आली असती दयेनं. मला तशी नको होती."

शर्वरी आईजवळ गेली. तिनं हात धरला. आईचा तळवा घामानं ओला होता, थंडगार. सहा वर्षांनी धरलेला.

*

तीन आठवडे शर्वरी येत राहिली. शाळा सुटली की बस धरायची, येवल्याला पोचायची. गोळ्या द्यायची, रक्तदाब बघायची, पाणी प्यायला लावायची. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, तन्मयच्या तब्येतीचं, भाजीचं, शेजारणीच्या सुनेचं. फक्त एका जागी येऊन ते अडायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी, हॉस्पिटलच्या खोलीत शर्वरीनंच ते काढलं.

"आई, आता तर कळलंय ना की ती तू नव्हतीस. मग मनावर घेऊ नकोस. मी विसरले."

"विसरलीस?"

"हो."

"कोणाला माफ केलंस? गाठीला?"

शर्वरीनं उगाच पाण्याचा ग्लास सरकवला.

"हात तिनं थरथरवले असतील," हेमलताबाई म्हणाल्या. "छाती तिनं धडधडवली असेल. पण 'पोटी यायलाच नको होतीस' हे काय तिनं शिकवलं? तिला शब्द कुठं येतात? आणि उद्या तिला कापून बाटलीत घालतील. मग माझ्या लेकीची माफी कोण मागणार? ती बाटली?"

"मग तू माग ना. आत्ता माग."

"आत्ता नाही."

"का?"

"ही आत आहे तोवर मी काय बोलले, त्यातलं किती माझं न् किती हिचं, मलाच कळत नाही. तुझ्याशी बोलताना छाती उडते ती तुझ्यामुळं की हिच्यामुळं? मला नीट बोलायचंय. एकटीनं."

नंदकिशोर खिडकीपाशी उभे होते. ते वळले. "अगं, काय हट्ट हा! डॉक्टर काय म्हणाली ऐकलंस ना? हात लावल्यावर ती गाठ उसळते, रक्तदाब कुठल्या कुठं जातो. उद्या काही कमीजास्त झालं तर? जे सांगायचंय ते तसंच राहील."

"राहू दे."

"शरूनं जन्मभर काय करायचं मग?"

"तिला सांगा, तिची आई जायला निघाली नव्हती, बोलायला निघाली होती."

शर्वरी ताडकन उठली. "नेहमी तुझंच खरं! तुला गाठ असो नसो, तू अशीच आहेस!"

"मग झालं तर," हेमलताबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "एवढं तरी माझं निघालं."

*

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. बाहेरच्या बाकावर बापलेक बसले होते. मधेच शस्त्रक्रियागृहाचं दार उघडून एक नर्स पळत गेली, औषधाच्या पिशव्या घेऊन पळत परत आत गेली. त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"पप्पा."

"काही नाही. गाठीला हात लावला असेल." नंदकिशोरांनी तिचा हात दाबून धरला. त्यांच्या बोटांना जरीनं पडलेले घट्टे होते. "तान्ही असताना तुला मागाखाली झोळीत ठेवायचो आम्ही. मागाच्या फणीचा ठोका थांबला की तू रडायचीस. चालू झाला की झोपायचीस. मग काय, जेवायलासुद्धा आळीपाळीनं उठायचो. माग थांबवायचाच नाही."

"आज का सांगताय हे?"

"ठोका थांबला की मला अजून तसंच होतं."

ती त्यांच्या खांद्याला टेकली. आतल्या त्या बाईचा अबोला आणि हट्ट, सगळं तिला हवं होतं. माफी नको होती, समजूत नको होती. नुसती ती हवी होती, भांडायला.

दार उघडलं. डॉ. आगलावे बाहेर आल्या, मुखपट्टी खाली ओढली.

"एकदा फार उसळली होती," त्या म्हणाल्या. "पण तयारी होती आपली. निघाली. अख्खी निघाली."

*

हेमलताबाईंना नीट जाग आली ती दुसऱ्या दिवशी, उन्हं खिडकीत आल्यावर. ओठ कोरडे होते. त्यांनी डोळे उघडले आणि बराच वेळ छताकडं बघत काहीतरी ऐकत राहिल्या.

"काय होतंय का आई?"

"काही होत नाहीये." आवाज घोगरा होता. "किती शांत आहे गं आत. असं असतं होय माणसांना?"

शर्वरीनं चमच्यानं पाणी पाजलं. हेमलताबाईंनी हात पुढं केला. तिनं तो धरला. तळवा कोरडा होता आणि ऊबदार. नंदकिशोर दारातच थांबले. आत यावं की नाही त्यांना कळेना.

"या हो," हेमलताबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोरच बोलायचंय. तेव्हाही तुम्ही होतात."

मग त्या लेकीकडं वळल्या. टाके ओढले गेले तसा चेहरा आवळला, पण नजर हलली नाही.

"शरू, तुझा ताणा मी कापला. यंत्रमागवाल्यांचा राग होता, त्यांच्यात तू जाणार म्हणून भीती होती, आणि माझा माग माझ्यामागं कोण चालवणार ह्याची हाव होती. गाठीनं कात्री उचलून दिली असेल. कुठं चालवायची ते मला माहीत होतं. आणि जे बोलले ते आईनं बोलू नये. माझं चुकलं. तू माझ्या पोटी आलीस हे माझं नशीब. हे सांगायला म्हणून मी जगले."

शर्वरीला वाटलं होतं, हे ऐकलं की आपण रडू, गळ्यात पडू. तसं झालं नाही. उलट इतके दिवस मशिनीच्या रेघेखाली दडपून ठेवलेलं सगळं वर आलं. दुकानातली ती साडी. मांडवात कोणी विचारलं, मुलीची आई कुठंय.

"मला अजून राग आहे, आई," ती म्हणाली. "विसरले म्हणाले ते खोटं होतं."

"असू दे. राग आहे म्हणतेस, हे बरं."

"किती दिवस राहील सांगता येत नाही."

"राहू दे. बोलत जा, भांडत जा. आता मी दचकायची नाही."

खिडकीतलं ऊन सरकून पलंगावर आलं होतं. कापलेल्या केसांखालची हेमलताबाईंची मान उघडी पडली होती, गोरी, कधी ऊन न लागलेली. शर्वरीनं चादर वर ओढून ती झाकली. चादर नीट करण्याच्या निमित्तानं तिचा हात तिथंच राहिला.

"छातीचं अजून व्हायचंय," नंदकिशोर खाकरून म्हणाले. "महिन्याभरात ऑपरेशन, मग केमोच्या सहा खेपा आहेत म्हणे. दर तीन आठवड्यांनी यायचं इथं."

"मग येवल्याहून कशाला ये-जा करायची?" शर्वरी म्हणाली. "माझं घर इथून दोन स्टॉपवर आहे."

हेमलताबाईंनी मान उशीवर टेकवली. मग डोळे मिटल्या मिटल्या त्यांनी विचारलं,

"तन्मयला तिखट चालतं का गं?"